सेकंदाला साठ चित्रं

प्रिय हनुवटी,

दचकलास ना? या नावानं तुला कुणी हाक मारून किती वर्षं झाली असतील! बाहेर तुला भारदस्त नाव आहे, ऑफिसच्या दारावर त्याची पाटी आहे. पण आई-बाबांनी ठेवलेलं तुझं खरं नाव तोंडानं घेताच येत नाही. पहिलं बोट हनुवटीच्या खळीवर टेकवायचं, की झाला तू. माझं नाव त्याहून वाईट, पुढच्या दातावर नखानं टकटक. सहाव्या वर्षी जिन्यावरून पडून दात तुटला, पुढे नवा आला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ऐकू न येणाऱ्या दोन माणसांच्या पोटी आपण दोघं ऐकणारी जन्मलो, म्हणून आपल्याला दोन-दोन नावं. मी रागावले की तुझं कागदावरचं नाव घेते, हे तुला माहीत आहे. आज घेतलेलं नाही, तेव्हा पत्र बाजूला ठेवू नकोस.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मीटिंगमध्ये असतोस. तुझ्या त्या मीटिंगा कधी संपतात देव जाणे. कागद मात्र तू सोडत नाहीस. लहानपणी सामान बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा सरळ करून, वाचून मगच टाकायचास. त्याच भरवशावर लिहायला बसले आहे. पुढच्या खोलीतल्या माझ्या टेबलावर पाठ्यपुस्तकाची अक्षरजुळणी अर्धवट पडली आहे, प्रकाशकाचे दोन फोन येऊन गेले. पडू दे म्हटलं एक दिवस.

आधी घरची खबर. आईचं खुब्याचं हाड जुळलं. आता ती वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येते आणि माझ्या कामात खोड्या काढून परत जाते. मागची खोली तिची केली आहे. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, कारण फोनच्या पडद्यावरचं तिला दिसेनासं झालं होतं. हा टीव्ही मालिका बघायला नव्हता. मालिकेतल्या बायका किती कमी हात हलवतात, असं म्हणून तिनं मालिका कधीच सोडून दिल्या. टीव्ही बाबांसाठी होता.

बाबांचा फोन तुला आठवतच असेल, तूच दिला होतास. तीन वर्षांपूर्वी, तुझ्या बढतीच्या जेवणानंतर आठवडाभरातच, डब्यात बंद, वर चिठ्ठीसुद्धा नाही. पण देण्याआधी तू त्याच्या कॅमेऱ्यात एक गोष्ट बदलून ठेवली होतीस आणि ती मला मुद्दाम फोन करून सांगितलीस. सेकंदाला तीस चित्रं ठेवली तर हलणारा हात पुसट होतो, म्हणून साठ केली आहेत, कुणाला बदलू देऊ नकोस. एवढं बोललास आणि ठेवलास. मी तेव्हा मनात म्हटलं, याला अजून सगळं कळतं.

त्या फोनवर बाबा दर रविवारी सकाळी तुझ्याशी बोलायचे, म्हणजे तुझ्यासाठी व्हिडिओ करायचे. दाढी करून, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून मागच्या खोलीत जायचे, पुस्तकबांधणीच्या खळीच्या बरणीला फोन टेकवायचे आणि दार लावून घ्यायचे. अर्ध्या तासानं बाहेर यायचे ते एकदम मोकळे होऊन. काय बोलले हे ना आईनं विचारलं, ना मी. आपल्या घराची रीतच तशी. दोघं बोलत असतील तर तिसऱ्यानं पाठ करून बसायचं. इतर घरांत दाराला कान लावतात, आपल्याकडे नुसतं मान वळवून पाहिलं तरी चोरी. आई दोन वर्षं दर रविवारी त्या दाराकडे पाठ करून भाजी निवडत बसली. फोन भरला की बाबा तो माझ्याकडे आणून द्यायचे, मी फायली डिस्कवर उतरवून घ्यायचे, न उघडता. सत्त्याण्णव फायली झाल्या. सत्त्याण्णवाव्या रविवारनंतरच्या गुरुवारी बाबा गेले. तेव्हा तू दोन दिवसांसाठी आला होतास.

सहा महिने आईनं काही म्हटलं नाही. मग एका सकाळी चहा घेताना कप खाली ठेवून म्हणाली, की आता पाठ करून बसायचं कुणासाठी? माझा माणूस दोन वर्षं माझ्या मुलाशी काय बोलत होता ते मला बघायचंय, माझे डोळे आहेत तोवर. डोळ्यांचं ती सहज म्हणाली असं मला वाटलं. एरवीही प्रत्येक वाक्याला ती जिवाची एक धमकी जोडतेच.

तर त्या फायली. एकेक पाच-पाच, सहा-सहा जीबीची, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सरळ टीव्हीला लावाव्यात तर टीव्ही म्हणाला, ही फाइल मला चालत नाही. मग नेटवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा गृहस्थ, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलायला भारी गोड. त्यानं डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली, त्यात एक प्रोग्रॅम टाकला आणि सांगितलं, की आता इथली फाइल घरातल्या वायफायवरून तिकडे टीव्हीवर दिसेल, ताई, बटण दाबायचं आणि बघत बसायचं. बटण दाबलं. बाबा दिसले! धुतलेला शर्ट, मागे कपाट, उजव्या हाताचं ते अर्धं बोट. आईनं पलंगाची कड घट्ट धरली. बाबांनी हात हनुवटीकडे नेला, पहिलं काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि हात हवेतच थांबला. मध्यभागी चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, मग हात एकदम दुसरीकडेच. पुन्हा चक्र.

तुला सांगायला नको, पण दुसऱ्या कुणाला समजावून सांगायचं म्हणजे डोकेफोड. नेटवाला म्हणाला, ताई, मधेमधे अडकलं तरी काय बोलले ते कळतं की. त्याच्या घरी कळत असेल. हात इथून तिथे कसा गेला यातच आपल्याकडचं अर्धं वाक्य असतं. मधला प्रवास गाळला तर उरतात नुसते दोन हात, एक इकडे आणि एक तिकडे. आई पाच मिनिटं बघून म्हणाली, तुझे बाबा उचकी लागल्यासारखे बोलतायत, त्यांना पाणी दे. हसलो आम्ही दोघी, पण तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

त्यानंतरचा दीड महिना मी त्या वायफायच्या मागे लागले. राउटर पुढच्या दाराशी होता तो बोळात आणला, मग लोखंडी कपाटावर चढवला. लोखंडच आडवं येतं असं कळल्यावर तिथून उतरवून भिंतीवर खिळा ठोकला. वेगळ्या वाटेनं सिग्नल पाठवून पाहिला. तो जोरात पळायचा, पण आईच्या खोलीपर्यंत पोचायचाच नाही. मध्ये आपली ती जाड भिंत आणि स्वयंपाकघर. दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावला की बाबा हमखास थांबतात, हा शोध मात्र आईनं लावला, नेटवाल्यानं नव्हे. म्हणाली, आयुष्यभर माझ्या हातचं दूध मुकाट प्यायले आणि आता बघ कसे फुरंगटतात. आम्ही दूध गॅसवर तापवायला लागलो. पहाटे शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी कमी असते म्हणून लवकर उठूनही पाहिलं. कधी अर्धं मिनिट सलग चालायचं, आई हातानंच मला गप्प करायची, पुढे सरकायची, आणि ऐन बोलण्यात घोडं अडायचं. एका फायलीतून तिला जेमतेम तीन-चार वाक्यं मिळाली. एकात बाबा पावाबद्दल काहीतरी सांगत होते. पावाचं काय, हे राहूनच गेलं.

शेवटी नेटवाल्यानं हात टेकले आणि जाता जाता सल्ला दिला. ताई, एवढ्या जड फायली वायफायला पेलत नाहीत, तुम्ही त्या हलक्या करून घ्या. एक सोपा प्रोग्रॅम आहे, सगळ्या एकदम होतात, लोण्यासारख्या चालतील. मी विचारलं, बिघडणार नाही ना काही? तो म्हणाला, आवाज अजिबात बिघडणार नाही, त्याची गॅरंटी माझी.

हनुवटी, हे वाक्य पुन्हा वाच. आवाज बिघडणार नाही. आणि मी, या घरात जन्मलेली, आईच्या हातांतून पहिला शब्द शिकलेली मी, आवाज बिघडणार नाही म्हणून निश्चिंत झाले! माझा धंदाही आडवा आला. प्रकाशकाला तपासायला पाठवताना आम्ही फाइल रोजच हलकी करतो, हाताला सवयच आहे. मूळ प्रत कधी पुसायची नाही, हे मी हाताखालच्या मुलींना ओरडून ओरडून शिकवलं आहे. पण डिस्कवर जागा नव्हती, प्रोग्रॅममध्ये एक चौकोन होता, काम झाल्यावर मूळ फाइल काढून टाकू का असं विचारणारा. मी त्यात टिक केली. दोन दिवस, दोन रात्री लॅपटॉप सुरू होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईला उशी लावून बसवलं आणि बटण दाबलं. चक्र नाही, थांबणं नाही, उचकी नाही. बाबा अर्धा तास सलग बोलले. मागून पंख्याची घरघर, बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली तीसुद्धा खणखणीत. फक्त त्यांच्या मनगटाच्या पुढे हात नव्हते. पांढरट धुरळा होता, तो वर जात होता, खाली येत होता. प्रोग्रॅमनं तुझी साठ चित्रं पंधरावर आणली होती, आणि जे हलतं तेच नेमकं पुसून टाकलं होतं. बोटं वेगळी दिसेनात, अर्धं बोट कुठलं आणि पूर्ण कुठलं काही कळेना. छापखान्यातल्या कटिंग मशीननं ते बोट नेलं तेव्हापासून बाबा बोबडं बोलतात म्हणून आई त्यांना चिडवायची. तो बोबडेपणाही गेला. आईनं सगळा अर्धा तास पापणी न हलवता बघितला. संपल्यावर माझ्याकडे वळून तिनं विचारलं, काय म्हणाले?

मग स्वतःच डोळे चोळून म्हणाली, माझीच नजर गेलेली दिसते गं.

आता जे लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या मेहुण्यांनाही नाही. मी तिला म्हटलं नाही की नजर तुझी नाही, चूक माझी आहे. मी म्हटलं, असेल. अकरा दिवस मी तिला तसंच समजू दिलं. ती रोज टीव्हीच्या आणखी जवळ खुर्ची ओढायची, चष्मा पुसायची, माझा चष्मा लावून बघायची, आणि मी पुढच्या खोलीत डिस्कवरून पुसलेल्या फायली परत येतात का म्हणून तीन दुकानं पालथी घालत होते. नाही आल्या. त्यांच्याच जागेवर नव्या फायली बसल्या होत्या. बाराव्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. माझे हात थांबेपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती. मग माझ्या दातावर हलकेच टकटक केली, म्हणजे माझं नाव घेतलं, आणि म्हणाली, मला बरं वाटलं, मला वाटलं होतं ते मलाच कळेनासे झाले.

त्याच आठवड्यात मी बाजारातून वीस मीटर वायर आणली आणि राउटरपासून बोळातून, दाराच्या चौकटीवरून आईच्या टीव्हीपर्यंत स्वतः खिळे ठोकत नेली. दीड तासाचं काम. या वायरवरून तुझ्या मूळ फायली नदीसारख्या वाहिल्या असत्या. नेटवाला म्हणाला, ताई, हे आधी सुचायला हवं होतं. मी त्याला चहा दिला. आता त्या वायरवरून धुरळा मात्र अगदी छान दिसतो.

त्या धुरळ्यातही एक गोष्ट ओळखू येते. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला हात हनुवटीकडे जातो. मध्येही जातो. सत्त्याण्णव फायली मी बघितल्या, कुठे चार वेळा, कुठे नऊ वेळा. बाकी काही कळत नाही, पण ते तुला हाक मारतायत एवढं कळतं.

मग महिन्याभरापूर्वी बाबांचा खण आवरायला काढला. बायंडिंगची सुई, मेण लावलेला दोरा, हाडाची पट्टी, कापडाचे तुकडे, सगळं जागच्या जागी. त्यातच जाड पुठ्ठ्याच्या काही चकत्या निघाल्या, पानांना आतून चौकोनी खिडकी कापली की उरतात तशा, पण नखाएवढ्या. आईला दाखवल्या. ती म्हणाली, मेमरी कार्डांच्या. तुला माहीत नव्हतं? त्यांनी पुस्तकं केली होती तीन, निळ्या कापडाची. पानं एकावर एक चिकटवून आत घरं कापली आणि घरात एकेक कार्ड बसवलं. फोनवरून पाठवलं की हात पुसट होतात म्हणून टपालानं पाठवायचे. मला वाटायचं, फोनवरूनच जात असेल सगळं. म्हणजे मी पुसायच्या कितीतरी आधी, साठच्या साठ चित्रांसकट, सगळं तुझ्याकडे आलेलं होतं.

मी तुझ्या बायकोला फोन केला. रागावू नकोस तिच्यावर, मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. निळी नाही, तपकिरी कागदात बांधलेली तीन पुडकी तुझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, दोऱ्याची गाठसुद्धा सोडलेली नाही. तिला वाटलं होतं जुनी वह्या-पुस्तकं असतील. तिनं एकदा काढायला घेतली तर तू म्हणालास, राहू दे, नंतर बघतो.

तू का उघडली नाहीस ते मला कळतं, असं मी म्हणते, आणि खरंच कळतं. लोक तुला कोडगा म्हणतील, मी नाही म्हणणार. तू सात वर्षांचा असताना मास्तरांची तक्रार बाबांना सांगायला तुलाच उभं केलं होतं, आणि हा वर्गात फार बडबड करतो याचं भाषांतर तू, हा वर्गात सगळ्यांत चांगलं बोलतो, असं केलं होतंस. बाबांनी मास्तरांचे हात हातात घेऊन आभार मानले. घरी येऊन आपण दोघं पोट धरून हसलो. पण त्यानंतर पाच वर्षांनी तू बाबांचा डबा घेऊन छापखान्यात गेलास, तेव्हा मालकांनी तुला जवळ बोलावलं आणि म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, बायंडिंगचं मशीन आलंय, सोमवारपासून येऊ नका. बारा वर्षांचा होतास. हात लोंबकळत ठेवून कितीतरी वेळ उभा राहिलास म्हणे. मग सांगितलंस. खरं तेच सांगितलंस. बाबांनी तुझी पाठ थोपटली आणि म्हणाले, नीट सांगितलंस. घरी आल्यावर तू साबणानं हात धुतलेस, पुन्हा धुतलेस, मी मोरीच्या दारात उभी राहून बघत होते. त्यानंतर तुझे हात आखडले. मी मोठी, मी जायला हवं होतं डबा घेऊन. माझी परीक्षा होती.

आणि ते बढतीचं जेवण. एवढा मोठा हॉल, पांढरे टेबलक्लॉथ, तुझे साहेब, तुझे सासू-सासरे. तुझं नाव पुकारलं तेव्हा बाबांना मीच सांगितलं, की आता टाळ्या तुझ्या मुलासाठी आहेत. ते उठून उभे राहिले आणि बोलायला लागले. आनंद झाला की त्यांच्या गळ्यातून तो आवाज यायचा, त्यांना स्वतःला कधी न कळलेला. माना वळल्या. तू हसत हसत आलास, त्यांना बसवलंस आणि त्यांचे दोन्ही हात तुझ्या हातांत घेऊन टेबलावर दाबून धरलेस. साहेबांचं भाषण संपेपर्यंत सोडले नाहीस. साहेबांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी फोटो काढला. किती प्रेमळ मुलगा, वडिलांचा हात सोडत नाही, असं माझ्या मागची बाई म्हणाली. त्या हॉलमध्ये चारच माणसांना कळलं की तू बाबांच्या तोंडावर हात ठेवला आहेस. बाबांनी हात सोडवून घेतले नाहीत. त्यांच्या अंगात तुझ्या दुप्पट जोर होता.

बाबा गेले तेव्हा तू आलास, दोन दिवस राहिलास आणि आईशी माझ्यामार्फत बोललास. आईला सांग, पैशांची काळजी करू नको म्हणावं. मी सांगितलं. तुझे हात सगळा वेळ खिशात होते. आई ते बघत होती.

तुला संध्याकाळी दिवे जायचे ते आठवतं? दिवे गेले की आपल्या घरात सगळ्यांची वाचा जायची. मग चौघं पलंगावर चिकटून बसायचो आणि एकमेकांच्या तळहातात बोलायचो. ऐकणाऱ्यानं आपला हात बोलणाऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि खालचा कसा वळतो ते चाचपून समजून घ्यायचं. बाबांचा हात खरखरीत, खळीचा वास येणारा. तू अंधारातच जास्त बोलायचास, कारण कुणी बघत नसायचं. आणि बाहेरून आलास की दाराची बेल दाबायचा कंटाळा. बेलचा दिवा लागेपर्यंत कोण थांबतंय, म्हणून उंबऱ्याशी दोनदा पाय आपटायचास. फरशीतून आईला कळायचं. माझं एकदा, तुझं दोनदा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. कार्डं पाठव म्हणून लिहिलेलं नाही. महिन्यापूर्वी तसं लिहायला बसले होते, वायर तयार आहे, तीन पुडकी कुरिअर कर, एवढ्या दोन ओळींचं. पण तेव्हा आईला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती अकरा दिवस म्हणत होती ते अगदीच खोटं नव्हतं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातोय, आणि तो परत येत नाही. गेल्या मंगळवारी मी तिच्यासमोर बसून बोलत होते तर तिनं हवेत चाचपडून माझे हात पकडले आणि म्हणाली, दिवे गेले. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आता आम्ही दोघी दिवसाही तळहातातच बोलतो. मी तिला म्हटलं, कार्डं मागवते, मी बघेन आणि तुला हातात सांगेन. ती नाही म्हणाली. ते त्याच्याशी बोललेलं आहे, गाठ त्यानंच सोडायची. आणि म्हणाली, तू सांगितलेलं मला कळेल, पण त्याचे हात त्याच्या बाबांचे आहेत, तेच पंजे, तीच लांब बोटं. तो बोलला तर तेच बोलतील. म्हणून ती पुडकी सोड. एकटा बस, सगळं बघ, रडायचं असेल तर रडून घे, आणि मग ये. आईसमोर बस आणि तिचे दोन्ही हात तुझ्या हातांवर घे. या वेळी हात धरले तरच बोलणं होतं. पावाचं काय ते तेवढं विसरू नकोस, तिनं मुद्दाम सांगायला सांगितलंय. येण्याआधी कळवलं नाहीस तरी चालेल. बेल दाबू नकोस, तिला तो दिवा आता दिसत नाही. उंबऱ्याशी आलास की दोनदा पाय आपट. गेले सहा दिवस ती चपला काढून, अनवाणी तळवे फरशीला टेकवून बसते आहे.

तुझीच,
दात